कणगीतली बाटली

२० डिसेंबर १९६६, मंगळवार

अनंत आला! एसटीतून उतरला तर मी ओळखलंच नाही. गोरा झालाय, केस मानेवर आलेत, आणि अंगात कोट असा की आत अजून एक माणूस मावेल. पाया पडला आणि म्हणतो, "आजी, तू बारीक झाली." मी बारीक! फ्रान्स देशात जाऊन नांगरटीची यंत्रं शिकला, पण आजीला काय बोललं की बरं वाटतं ते साखरखेर्ड्यातूनच शिकून गेला होता.

ओसरीवर पेटी उघडली. साबण निघाला, बॅटरी निघाली, यांच्यासाठी लोकरीचा मफलर निघाला. हे मफलर गुंडाळून देवळाकडं दाखवायला गेले, तसं अनंतानं मला माजघरात ओढलं आणि स्वेटरच्या घड्यांतून एक बाटली काढली. "ही फक्त तुझी."

ब्रँडी! मी आधी माजघराचं दार लोटलं. म्हटलं, "अरे, तुह्या आजोबाले समजलं तर मले तुह्या त्या फ्रान्सातच जा लागीन!" हे म्हणजे गावच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष. नाल्यातल्या भट्ट्या यांनी स्वतः कुदळ घेऊन फोडल्या. शाळेत पोरांकडून शपथा घेतात. आणि त्यांच्याच माजघरात ही!

"आजी, ही द्राक्षाची हाय. औषध समज."

"मोहाची फुलाचीच असते बाप्पा," मी म्हटलं. तो हसता हसता खालीच बसला.

तुरीच्या कणगीत खोल पुरून ठेवली. हे कणगीला कधी हात लावत नाहीत.

२१ डिसेंबर

वास घेतला. फक्त वास.

२२ डिसेंबर

काल खोटं लिहिलं. वाटीच्या तळाला घेऊन चाखलीसुद्धा. आता वहीशी खोटं बोलून मी काय मिळवलं! वाटी राखेनं घासली, तोंडात वेलदोडा धरला, आणि संध्याकाळी आरतीला यांच्या शेजारी श्वास धरून उभी राहिले. देवाला वास येत असेल का? आला असेल तर तो काही बोलला नाही.

पण काय ती चव! आधी जाळ, मग मनुका, मग जुन्या सागवानी पेटीचं झाकण उघडल्यासारखं काहीतरी. आणि गुडघे? गुडघे आहेत हेच मी विसरून गेले.

२४ डिसेंबर, शनिवार

अनंत अकोल्याला नोकरीवर रुजू व्हायला गेला. घर एकदम मोठं झालं. जायच्या आधी मी त्याला भाकरीजवळ बसवून सगळं विचारून घेतलं.

तो तिकडं एका घरी राहत होता. त्यांचे द्राक्षाचे मळे आणि त्यांचीच भट्टी. पोलिसाच्या भीतीनं नाल्यात लावलेली नाही, अंगणातली! आजा, बाप, पोरगा, सगळे तेच काम करतात. आपल्या न्हाणीतल्या बंबासारखा, पण खोलीएवढा तांब्याचा हंडा. हिवाळाभर त्याच्याखालचा जाळ विझू द्यायचा नाही, म्हणून घरचे पाळीपाळीनं त्याच्याजवळच झोपतात. निघते ती पाण्यासारखी पांढरी. मग ओक नावाच्या झाडाच्या पिपात भरून अंधारात वर्षानुवर्षं ठेवतात. लाकूडच तिला रंग देतं, आणि लाकूडच तिचा राग काढतं. अनंत असंच म्हणाला, "राग काढतं." मला फार पटलं. आमच्या लिंबाच्या लोणच्याचं तेच असतं. पहिल्या वर्षी चावतं, चौथ्या वर्षी औषध होतं.

त्या घरात माझ्याएवढी एक म्हातारी आहे. चाव्या तिच्या कमरेला! ती रोज पिपांपाशी जाऊन नुसता वास घेते, आणि कुठलं पीप अजून कच्चं आहे ते सांगते. पिपातली दरवर्षी थोडी आपोआप उडून जाते म्हणे. पोरांनी विचारलं तर ती वर बोट दाखवते. ती वरच्यांची, मोजायची नाही.

अनंत तिच्यापाशी सारखा माझं नाव काढायचा. म्हणून तिनं निघताना आपल्या हातानं ही बाटली भरून दिली, "तुझ्या आजीला" म्हणून. मला! माझं तोंड नाही पाहिलं, माझी भाषा नाही ठाऊक! मी तिला काय पाठवू? लोणचं तिथवर टिकेल का?

२६ डिसेंबर

वरच्यांनी आज थोडी जास्तच नेली! बाटलीवरच्या चित्राच्या खाली उतरली.

पाप लागतं आहे हे मला कळतं. हे जेवताना मंडळाच्या गोष्टी सांगतात आणि मी ताटात मीठ वाढते, खाली मान घालून. यांचं बरं आहे. संध्याकाळी लोणारच्या वैद्याचं चूर्ण घेतलं की पोट शांत, मन शांत. चूर्णाची डबी देवांच्या मागं लाल फडक्यात असते. एकदा धूळ झटकायला मी ती उचलली तर केवढे अंगावर आले! डबीतलं औषध ते औषध, आणि कणगीतलं मात्र पाप. असं मनात आलं आणि लगेच स्वतःच्या गालावर मारून घेतली.

२८ डिसेंबर, बुधवार

अनंताची बहीण शारदा बाळंत झाली! मुलगी! मी पणजी झाले!

नातीचं पहिलं बाळंतपण, माहेरी, माझ्या डोळ्यांपुढं. कलाबाई सुईण काल दुपारपासून तिच्याजवळ हलली नाही. शारदा ओरडली की ही तिला चिडवायची, "ओरड वो ओरड, तुह्या मायनं तर सिंदखेडपर्यंत ऐकू जाईन असं ओरडलं होतं!" माझी सून अन्नपूर्णा बाहेर डिंक तळत होती, तिनं ते ऐकलं आणि झारा घेऊन धावली. असं हसत हसत पोरगी जगात आली. नाक शारदेचं, कपाळ अनंताचं, मुठी कोणाच्या ते अजून ठरायचं आहे.

कलाबाईला बारशाला हिरवं लुगडं द्यायचं ठरलं. यांनीच बाजारातून आणलं, स्वतः पोत पाहून. मी पेटीत ठेवलं. बारशाला सुईणीची ओटी भरल्याशिवाय आमच्यात बाळाला पाळण्यात घालत नाहीत.

१ जानेवारी, रविवार

पाचवी पुजली. थंडी अशी की डोणीतल्या पाण्याला हात लावता येत नाही. कलाबाई रोज येते, बाळाला तेल लावते, सहाणेवर घुटी उगाळून पाजते. माझा दिवस बाळाच्या बोटांत जातो. एक बोट उघडावं, मिटावं, दुसरं उघडावं.

३ जानेवारी

बाळाची छाती घरघरते. शारदा रडते. शेगडी पेटवून ठेवली आहे.

अनंत सांगत होता, ती म्हातारी लेकरांच्या छातीला ब्रँडी चोळते. मी एक थेंब तळव्यावर घेऊन चोळला. शारदा झोपली होती. बाळानं नाक उडवलं. मला हसू आलं. तेवढंच.

४ जानेवारी, बुधवार

रात्र फार झाली. तरी लिहिते.

बाळ पहाटेपासून रडत होतं. शारदा थकून गेली. यांनी पोरगी घेतली. हे कधी लेकरू घेत नाहीत, पण घेतली, देवघरात फिरवली, म्हणाले, "तू पाणी तापव, मी पाहतो." बऱ्याच वेळानं जरा हुंदक्यांवर आली. तेवढ्यात कलाबाई आली, घुटी उगाळली, चांदीच्या वाटीत काढून ठेवली आणि तेल गरम करायला चुलीकडं गेली.

मी वाटीत एक थेंब टाकला. करंगळीच्या टोकावरून. वाटलं, छाती मोकळी होईल. ती म्हातारी नाही का—

कलाबाईनं ती वाटी तिला पाजली.

बाळ झोपलं. आम्ही म्हटलं, बरं झालं. दूध प्यायची वेळ झाली, उठेना. दुसरी वेळ झाली. शारदेनं गालाला लावलं, हलवलं, मान लोंबत होती. अन्नपूर्णा ओरडली. हे मोटरवाल्याला घेऊन मेहकरला गेले आणि डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टरनं पापणी वर केली, डोळ्यात बॅटरी मारली. म्हणाला, "बाहुल्या पाहा, सुईच्या टोकाएवढ्या झाल्यात. अफू कोणी दिली हिला?"

अफू! हे खांबाला धरून उभे होते, ओठ पांढरे.

अन्नपूर्णा म्हणाली, "घुटी तं कलाबाई देते."

कलाबाई उभी राहिली. "या गावची अर्धी लेकरं माह्या हातावर आली. कोणाले अफू दिली ते सांगा! नाव घेऊन सांगा!"

हे एरवी चपलेचा जोड उलटा पडला तरी ओरडतात. आज अगदी हळू बोलले, खाली पाहून. "कलाबाई, तू आता येऊ नको."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी लंगोटाची घडी घालत होते. घातलेली मोडून परत घालत होते.

तळपायांना टिचक्या मारून मारून, जागवत जागवत, दिवेलागणीनंतर बाळ रडलं. असं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही. सगळे रडलो. मी सगळ्यांत जास्त.

५ जानेवारी

डॉक्टर चुकला. अफू नव्हती. माझा थेंब होता. हे मी सोडून कोणाला ठाऊक नाही.

८ जानेवारी, रविवार

बारसं झालं. आत्यानं कानात नाव सांगितलं, कोकिळा. इतकं रडून घर जागं केलं म्हणून शारदेनंच ठरवलं. पाळणे म्हणताना माझाच सूर सगळ्यांच्या वर होता, इतकी मी खूश, आणि डोळा सारखा दाराकडं.

ओटी भरायला सुईण नाही. अन्नपूर्णेनं पाटाला हळद-कुंकू लावून वेळ साजरी केली. रिकाम्या पाटाला! गोजरबाई शेजारून आली होती, ती म्हणाली, "बरं झालं बाई, येळीच समजलं. माह्या सुनेचे दिवस भरत आले. मी तं आता तिले उंबऱ्यात उभी नाई करणार." बायकांनी माना हलवल्या. मीही हलवली. माझी मान! कापून टाकावी अशी.

हिरवं लुगडं पेटीतच आहे.

११ जानेवारी

यांना सांगायचं ठरवलं. हे ओसरीवर एकटे होते. मी म्हटलं, "ऐका, मले एक सांगायचं हाय." हे दचकून उठले, म्हणाले, "बाळाचं असंल तं नको. झालं ते झालं." आणि शेताकडं निघून गेले. एवढा राग आहे यांना त्या गोष्टीचा. आता कशी सांगू? उद्या गावात यांच्याकडं बोट दाखवतील. अध्यक्षाच्या कणगीत दारू!

बाटलीला त्या दिवसापासून हात लावला नाही. गुडघे दुखू देत.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन कलाबाईकडं गेले. घराला कडी. शेजारीण म्हणाली, "ते कापूस वेचाले गेली. कोणी बोलावत नाई तिले आता, मंग काय करीन?"

शेतावर गेले. कमरेला ओटा, म्हणजे कापसाची झोळी, बांधून वेचत होती. जे हात लेकरू वळवतात ते बोंडांनी ओरबाडलेले. मी तिळगूळ दिला. तिनं घेतला, तिथंच खाल्ला. आणि विचारलं काय, तर, "माय, पोरगी दूध बरोबर पेते ना? मुठी उघडाले लागली का?"

"हाव, उघडते," मी म्हटलं.

"मंग चांगलं हाय."

बांधावर बसून मी रडले. ती वेचत पुढं गेली. तिला वाटलं असेल, म्हातारी चालून थकली.

सांगितलं नाही. आजही नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

आज सांगितलं. नीट लिहिते, कारण उद्या कोणी वेगळं सांगेल.

गोजरबाईची सून कालपासून अडली होती. सुईण बाहेरगावाहून आणलेली, पोरवयाची. आज सकाळी पायच पुढं आला, तशी ती घाबरून बाहेर येऊन बसली. मोटर गावात नव्हती. इथं माझ्या माजघरात भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. ओरडणं होतं तोवर बरं होतं. मग ते कमी कमी होत गेलं.

मी कणगीत हात घातला. तूर सगळीकडं सांडली. बाटली पदराखाली घेतली आणि गोजरबाईच्या अंगणात गेले. गावातल्या बायका जमलेल्या, पुरुष दाराबाहेर, त्यांत हेही.

"गोजरबाई, कलेले बोलाव."

"अफूवालीले? माह्या घरात?"

"तिनं अफू नाई दिली. घुटीत मी टाकलं. हे." बाटली वर केली. "तिले ठाऊकबी नाई. मी चोरून टाकलं."

गोजरबाईनं बूच काढून नाकाला लावलं. "अगं माय! हे तं दारू वो!"

"मंग मी काय सांगून राह्यली केव्हाची?"

कोणीतरी खुसकन हसलं. मग कोणीच हसलं नाही. मी यांच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मागं फिरले असते. गोजरबाईचा पोरगा सायकल घेऊन कापसाच्या शेताकडं सुटला.

कलाबाई आली. ओटा तसाच बांधलेला. हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश, जणू घाई जगात कुणालाच नाही. आत गेली. मला म्हणाली, "तू डोक्याकडं बस, माय. तिले बोलतं ठेव." मी त्या पोरीला काय काय सांगितलं! लोणच्याचं, ओकाच्या पिपांचं, त्या चाव्यांवाल्या म्हातारीचं. ती मधेच म्हणाली, "आजी, ते म्हातारी पेते का?" म्हटलं, "नाई वो, नुसता वास घेते. पेते ते मी!" पोरगी कळेतही हसली. आणि कलाबाईच्या हातात पोरगं आलं. निळं होतं, मग लाल झालं.

आईचं अंग गार पडलं, दात वाजायला लागले. कलाबाई म्हणाली, "आण तुही बाटली." तळपायांना चोळली, मग कोमट पाण्यात थोडी पाजली. उरली ती तिथंच राहिली. वरच्यांची.

त्या म्हातारीला हे कळलं तर रागावेल का? मला वाटतं, नाही.

१८ जानेवारी

देवळापाशी यांना लोकांनी धरलं. "अध्यक्षसाहेब, कणगीत अजून काय काय हाय?" पुंजाजी तर म्हणाला म्हणे, "पुढची सभा माजघरातच ठेवा!"

हे घरी आले. मी पाटावर बसून राहिले. म्हटलं, "बोला. काय बोलायचं ते बोला."

यांनी टोपी खुंटीला अडकवली. मग विचारलं, "किती टाकली होती?"

"थेंब."

"एकच?"

"एकच. करंगळीवरून."

"नक्की?"

"तुमची शप्पथ."

जेवले नाहीत. चूर्णही घेतलं नाही.

१९ जानेवारी

यांनी मंडळ सोडलं. अध्यक्षपद, शिक्का, सगळं शेषरावकडं देऊन आले. शेषराव आमचाच मुलगा, अनंताचा बाप. तोही माझ्याशी बोलेना. एका थेंबानं मी केवढं घर बुडवलं! हे रात्रंदिवस कुशी बदलतात, घाम येतो, पोट धरून बसतात. माझ्यामुळं. मी पाणी दिलं की घेतात, पण डोळे वर करत नाहीत.

कोकिळा आज हसली. मला पाहून! त्यातही मला लाज वाटली.

२० जानेवारी

हिरवं लुगडं घेऊन कलाबाईकडं गेले. पाया पडायला वाकले तर तिनं खांदे धरले. "काय करून राह्यली, माय? मोठी तू हाय." माझ्यावर राग नाही म्हणाली. "तू सांगितलं तं. साऱ्या गावच्या बायांसमोर सांगितलं." पण लुगडं हातात घेईना.

"येऊ नको, असं मालक म्हणले. बोलवाचं असंल तं त्यायनंच आणून द्यावं."

घेऊन परत आले. यांना सांगितलं. हे ऐकून देवघरात जाऊन बसले.

२१ जानेवारी, शनिवार

आज सकाळी यांनी लाल फडक्यातली डबी माझ्यापुढं उघडी ठेवली. चूर्ण नाही. काळं, चिकट. म्हणाले, "त्या पहाटे पोरीचं रडणं पाहावलं नाही. मोहरीएवढीच चाटवली होती. आमची माय आम्हाले देत जाये."

लुगडं काखेत घेऊन कलाबाईकडं गेलेत. चपला इथंच आहेत.